दोघांना मिळून रक्ताचा एक थेंब पुरे

प्रश्न: सर, मी आर्णी तालुक्यातली. पुण्यात मूळपेशींवर (स्टेम सेल, ज्यांतून शरीरातल्या बाकीच्या पेशी तयार होतात) पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. वाशिमकडचा माझा एक मित्र मुंबईत हिऱ्यापासून क्वांटम सेन्सर (अगदी बारीक चुंबकीय ओढ मोजणारं यंत्र) बनवण्याच्या कामात आहे. येत्या विज्ञान दिनाला आमच्या गावच्या शाळेनं दोघांनाही बोलावलंय आणि संध्याकाळी सगळ्या गावासाठी बोला, असा सरपंचांचा आग्रह आहे. आम्ही मिळून ४२ स्लाइड्स केल्यात. पण मराठीत सांगायला बसलं की शब्द सुचत नाहीत. विषय दोन, वेळ एक तास. आणि ‘याचा आम्हाला काय फायदा’ असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, याची धास्ती आहे.

उत्तर:

बेटा, स्लाइड्स पुण्यातच राहू दे. फेब्रुवारी संपताना गावात आठच्या आधी कोणी येत नाही. कोणी हरभरा काढून आलेला असतो, बाया शेवटच्या वेचणीवरून येऊन चुलीपाशी बसलेल्या असतात. आठला समाजमंदिरात प्रोजेक्टर लावलास की लाइन जाईल, आणि नाही गेली तर ट्यूबलाइटच्या उजेडात पडद्यावर काही दिसणार नाही. ट्यूबलाइट बंद केलीस तर पोट्टे शिट्ट्या मारतील. हे तिन्ही माझ्या बाबतीत झालंय, एकदा तर एकाच संध्याकाळी. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर तिच्या मागोमाग कार्यक्रम ठेव. माणसं आधीच बसलेली असतात आणि शांत असतात.

माझं थोडं सांगतो, म्हणजे कोणाचा सल्ला ऐकतेयस ते कळेल. नागपूरला हिमोग्लोबिनवर पीएचडी केली, मग ३१ वर्षं तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. गावोगाव बोलायला जातो त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. आधी वाटायचं, आपण लोकांना नवं काहीतरी सांगायला चाललोय. तसं नसतं. तुमचे दोघांचेही शब्द गावात तुमच्या आधी पोहोचलेत, आणि ते विकणाऱ्यांच्या तोंडून पोहोचलेत.

‘क्वांटम’ घे. आमच्या भागात तपासणी शिबिरं होतात. टेबलावर एक लॅपटॉप, त्याला वायर, वायरच्या टोकाला धातूची दांडी. दांडी मुठीत धरा, मिनिटभरात लिव्हर, किडनी, हाडं, ‘रक्ताचा घट्टपणा’ असे तीस-चाळीस रिपोर्ट छापून हातात, आणि शेजारच्या टेबलावर त्यावरचं चूर्ण. यंत्राचं नाव क्वांटम अमुक अ‍ॅनालायझर. मी एकदा रांगेत उभा राहिलो, दांडी धरली, रिपोर्ट घेतला. चहा पिऊन परत आलो आणि दुसरं नाव, वय २९, वजन ५० सांगून पुन्हा धरली. हात तोच, माणूस तोच. दुसऱ्या रिपोर्टात माझे गुडघे पोरासारखे ठणठणीत निघाले. तुझा मित्र माइक हातात घेऊन ‘क्वांटम सेन्सर’ म्हणेल तेव्हा समोरच्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे ही दांडी येणार. म्हणून त्यानं पहिल्याच वाक्यात दांडीचं नाव घ्यावं. हसतील, आणि मग ऐकतील.

तुझ्या शब्दाचं दुखणं याहून मोठं आहे. त्यात माझीही चूक आहे, ती सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या गावात मी स्टेम सेलवर बोललो. तेव्हा मी नुकताच सगळं वाचून भारावलेलो होतो. जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या, वाढ पूर्ण झालेल्या पेशीला चार जनुकांच्या जोरावर मागे नेऊन पुन्हा गर्भातल्यासारखी केली होती. मी बोलताना ‘उद्या निकामी अवयव नवे करता येतील’ असं म्हणालो. ‘उद्या’ म्हणजे किती वर्षांनी, ते बोललो नाही. पुढे दीडेक वर्षानं त्या गावचा एक माणूस मला बसस्टँडवर भेटला. मुलाला स्नायू झिजत जाण्याचा जन्मजात आजार. दोन एकर विकून मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात स्टेम सेलची चार इंजेक्शनं देऊन आणली होती. मुलाला काडीचा फरक नव्हता. तो माझ्यावर चिडला नाही. म्हणाला, “सर, तुमचंच आयकलं होतं म्हून हिंमत केली.” चिडला असता तर बरं झालं असतं.

म्हणून तुझ्या तासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता, याबद्दल माझं मत ठाम आहे. मूळपेशी म्हणजे काय, हे विसरले तरी चालेल. आज त्यांनी काय बरं होतं आणि काय होत नाही, हे त्यांना घरी नेता आलं पाहिजे. आज भारतात मूळपेशींचा मान्य, नेहमीचा उपचार म्हणजे रक्ताच्या काही आजारांत केलेलं अस्थिमज्जेचं, म्हणजे बोन मॅरोचं, प्रत्यारोपण. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. बाकीचं जवळपास सगळं नोंदणी केलेल्या चाचणीतच, म्हणजे उपचार चालतो का हे पाहणाऱ्या प्रयोगातच, करायचं. म्हणजे मधुमेह, लकवा, मतिमंदत्व, स्वमग्नता यांसाठी पैसे घेऊन कोणी स्टेम सेल देत असेल तर दोन गोष्टी विचारायच्या: ही चाचणी आहे का, आणि असेल तर पैसे कशाचे? चाचणीतल्या औषधाचा खर्च रुग्णाच्या माथी मारायचा नसतो. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला नंबरही मागायचा. पण नंबर आहे म्हणजे औषध चालतं असं नाही, हेही सांग. कारण आता दवाखान्याच्या पत्रकावर नंबरच मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

दोघं एका तासात दोन विषय कसे मांडणार, ही तुझी अडचण. माझा सल्ला: एकच विषय घ्या. रक्त. विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, ठाऊक नाही असं गाव नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली होती, तेव्हापासून आपल्याकडे हा शब्द फिरतोय. २०२३ च्या जुलैपासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, गावोगाव तपासणी होते. तुझी मूळपेशी आणि त्याचा क्वांटम, दोन्ही या एका थेंबात भेटतात. कसे, ते सांगतो.

तू सुरुवात शेवग्यापासून कर. शेवग्याची फांदी तोडून खोचली की तिला मुळं फुटतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फांदी होती, तिचं मूळ झालं. कसं? झाडाच्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून नव्यानं सुरू करू शकतात. मग विचार: “बोट तुटून पडलं आणि मातीत लावलं तर माणूस उगवते का?” पोट्टे ओरडतील, नाही. बस, तिथून पुढे यामानाकांचं काम सांगायला दोन मिनिटं लागतात: झाडाला जे सहज जमतं ते जनावराच्या पेशीकडून चार जनुकांनी करवून घेतलं, आणि त्याबद्दल २०१२ चं नोबेल मिळालं. मात्र लगेच पुढचं वाक्य: पहिल्या रुग्णाच्या डोळ्यात अशा पेशींचा पातळ थर बसवायला २०१४ उजाडलं, एका माणसासाठी, तेही प्रयोग म्हणून. केळीवाले शेतकरी असतील तर टिश्यू कल्चरची रोपं त्यांनीच लावलीत, त्यांना हे तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

संत्र्याचं कलम मात्र जपून वापर. मोह होतो, कारण जंबेरीच्या खुंटावर डोळा भरणं आपल्याकडे सगळ्यांना दिसतं. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाला तो दाखला मी वर्षानुवर्षं दिला. मग वरुडकडच्या एका बागायतदारानं मला आडवं घातलं. कलमात खुंट जिवंत ठेवता आणि वर नवं लावता. तुमच्या उपचारात तर आधी जुनी मज्जा औषधानं मारून टाकता म्हणता. बरोबर होतं त्याचं. तेव्हापासून मी शेत सांगतो: जुनं पीक तणासकट मोडायचं, जमीन मोकळी करायची, मग दुसऱ्याच्या शेतातलं बी पेरायचं. आणि ते बी या मातीला मानवेल की नाही, हा जीवघेणा प्रश्न उरतोच. मज्जा जुळण्याची शक्यता सख्ख्या भावाबहिणीत चारात एक असते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात भारतातलं पहिलं असं प्रत्यारोपण १९८३ मध्ये झालं, म्हणजे हा उपचार जुना आहे, पण सोपा नाही.

आकडे दोनच दे. तुझ्या-माझ्या हाडांतल्या मूळपेशी दर सेकंदाला वीस लाखांवर तांबड्या पेशी तयार करतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलवाल्याची दहा-वीस दिवस. कारखाना पळून पळून दमतो, म्हणून त्या पोरांना कायम अशक्तपणा. कारण एकच: हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी (अमिनो आम्लं) असतात, त्यातला सहावा बदललेला. प्राणवायू सुटला की असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात, आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. एक तुळशीची माळ हातात धर आणि सहावा मणी बोटानं दाखव. स्लाइडपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

उपचारांबद्दल चढत्या क्रमानं बोल. हायड्रॉक्सियुरियाची गोळी आजच आहे, नियमित घेतली तर कळा येणं कमी होतं, आणि आपल्याकडे अर्धे लोक दोन महिने बरं वाटलं की ती सोडून देतात. हे सांगितलंस तरी तुझी फेरी वसूल. त्याच्या पुढे प्रत्यारोपण. त्याच्या पुढे जनुक-संपादन: रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, त्यात दुरुस्ती करायची, परत घालायच्या, म्हणजे दाता शोधायला नको. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच डिसेंबरमध्ये असा पहिला उपचार सिकलसेलसाठी मान्य केला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत स्वस्तातल्या उपचाराचं काम चालू आहे, त्याला बिरसा मुंडांच्या नावावरून नाव दिलंय. हे सांगताना लोकांचे चेहरे उजळतात. त्याच क्षणी म्हण, “आज आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात हे मिळत नाही.” घाबरू नको, त्यानं कार्यक्रम पडत नाही.

एक भाग मंचावर अजिबात नको: कुठल्या समाजात सिकलसेल जास्त. गावात जात सगळ्यांना माहीत असते, तू माइकवरून नाव घेतलंस की दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पोरीचं लग्न अडतं. कोणाचं रक्त तिथे तपासूही नकोस, बोट टोचून दाखवणं तर नाहीच. त्याऐवजी दाण्यांचा खेळ कर. दोन डबे, प्रत्येकात एक तुरीचा दाणा आणि एक ज्वारीचा. तूर म्हणजे सिकलचं जनुक. एक डबा आईचा, एक बापाचा, दोघंही वाहक, दोघंही धडधाकट. शाळेच्या पोरांनी डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा, फळ्यावर लिहायचं, दाणे परत टाकायचे. तीस-चाळीस वेळा काढलं की दोन्ही तुरी, म्हणजे सिकलसेलचं लेकरू, निघण्याचं प्रमाण चारात एकाच्या आसपास येतं. मग म्हातारे म्हणतात, म्हणजे पहिलं लेकरू तसं झालं की पुढचे तीन चांगले? तेव्हा डबे पुन्हा दाखवायचे. दुसऱ्या लेकराच्या वेळीही दोन्ही डबे भरलेलेच असतात. हे समजायला कोणाला विज्ञानाची पदवी लागत नाही, आणि मी पाहिलंय, हे समजलं की दोन्हीकडची तपासणी लग्नाआधी करून घ्यायला माणसं आपणहून तयार होतात.

आता तुझ्या मित्राची पाळी. दुवा देणारा माणूस आहे अमेरिकेचा रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग. १९४९ मध्ये सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हणणारा तोच. पण त्याआधी १९३६ मध्ये त्यानं आणि कोरियल यांनी दाखवलं होतं की प्राणवायू घेतलेलं रक्त आणि प्राणवायू सोडलेलं रक्त चुंबकापाशी वेगवेगळं वागतं. पहिल्याला चुंबक किंचित दूर ढकलतो, दुसऱ्याला किंचित ओढतो. हे ऐकल्यावर सातवीतलं कोणीतरी विचारणारच: रक्तात लोह आहे तर चुंबक लावल्यावर रक्त का ओढलं जात नाही? विचारलं नाही तर तुम्हीच विचारा. गाडगेबाबा कीर्तनात उत्तर सांगायचे नाहीत, प्रश्न टाकून समोरच्यांच्या तोंडून काढून घ्यायचे. आपल्या मातीतली याहून चांगली पद्धत मला तरी सापडली नाही. उत्तर असं की आपल्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढं. आणि खिळ्यात लोहाचे अणू खांद्याला खांदा लावून उभे असतात, हिमोग्लोबिनमध्ये एका रेणूत चारच, तेही एकमेकांपासून लांब. ओढ आहे, पण इतकी बारीक की ती मोजायला वेगळं यंत्र लागतं. ते यंत्र बनवणारा हा बसलाय, असं म्हणून माइक त्याच्याकडे दे.

त्यानं एमआरआयपासून सुरू करावं. प्रत्येक घरात कोणाचा ना कोणाचा ‘एमाराय’ झालेला असतो, नागपूरला नाही तर सावंगी-सेवाग्रामला. ठकठक आवाज, अरुंद बोगदा, सगळे सांगतात. त्या यंत्रानं अंगातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या कणांची डुलकी (झोपेची नव्हे, डोलण्याची) ऐकली. भोवरा फिरताना डुलतो तशी. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) चुंबकात ती डुलकी सेकंदाला जवळपास ६.४ कोटी वेळा. चुंबक बदलला की डुलकीचा वेग बदलतो. म्हणजे डुलकी मोजली की चुंबक कळतो. क्वांटम सेन्सिंगचं निम्मं मर्म एवढंच आहे. कण प्रत्यक्षात भोवऱ्यासारखा गरागरा फिरत नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि त्याला ते बोलल्याशिवाय चैन पडणार नाही. एका वाक्यात बोलू दे, तीन वाक्यं झाली तर कोपरानं ढोस.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची चौकटीत केलेली लागवड. एका ठिकाणी कार्बनच्या जागी नायट्रोजनचं रोप लागलं आणि शेजारचं ठिकाण खाडा राहिलं. हा खाडाच कामाचा. कपाशीच्या तासात तूट पडलेली जागा असते तसा. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल चमकतो. मग सेकंदाला २८७ कोटी हेलकाव्यांच्या सूक्ष्मलहरी दिल्या की चमक किंचित मंद होते. जवळ चुंबक आला की ती मंद होण्याची जागा दुभंगते, एकाच्या दोन होतात, आणि त्या दोघींतलं अंतर मोजलं की चुंबकाची ताकद कळते. एमआरआयला खोलीभर यंत्र आणि अतिथंड चुंबक लागतो. हा हिऱ्यातला खाडा घरातल्या साध्या तापमानात काम करतो. हिरा ऐकून सोनाराकडचा आठवतो, म्हणून सुरतेत आता कारखान्यात हिरे तयार होतात, तसाच हा, हे आधीच सांगून टाका.

हे शब्दांत पुरेसं नाही, हाताला काहीतरी लागलं पाहिजे. त्यासाठी नाल्यातली कोरडी वाळू न्या, परातभर. शाळेतल्या एखाद्या पोराच्या हातात जुन्या स्पीकरचं चुंबक द्या, चुंबकावर पातळ पन्नी गुंडाळा आणि वाळूतून फिरवायला सांगा. पन्नीला काळे, बारीक, केसाळ वाटणारे कण चिकटतील. पन्नी चुंबकावरून उलटी ओढली की ते कण कागदावर पडतात आणि कागदाखालून चुंबक नेलं की उभे राहून चालतात. मी हे अडीचशे वेळा तरी केलं असेल, आजही कागदावर पहिले कण उभे राहिले की मागची रांग उठून पुढे येते. हे काळ्या पाषाणातून सुटलेलं मॅग्नेटाइट. ज्या जमिनीत कपाशी घेता ती याच खडकाची झालेली. मग मोबाइलमधला चुंबकमापक उघडा, फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे. नुसतं धरलं तर ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा येईल, ती पृथ्वी. विळा जवळ नेला की आकडा उडी मारेल. आता मित्रानं सांगावं: तुमच्या छातीतलं धडधडणारं हृदयही चुंबकीय क्षेत्र तयार करतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढं. मोबाइलला ते दिसत नाही. ते आणि त्याहून बारीक पकडायची धडपड जगभर चाललीय. दांडीवाल्या शिबिरातलं यंत्र यातलं काहीच करत नाही, हे इथे पुन्हा एकदा.

यानंतर दोघांनी एकत्र उभं राहा, कारण इथेच तुमची दोन कामं खरोखर जुळतात. नॅनो आकाराचे, डोळ्याला न दिसणारे हिरे जिवंत पेशीच्या आत सोडता येतात. तापमान एक अंशानं वाढलं की तो २८७ कोटींचा आकडा साधारण ७४ हजारांनी घसरतो, म्हणजे हिरा पेशीच्या पोटात ठेवलेला थर्मामीटर होतो. माणसाच्या पेशीत हे २०१३ मध्ये करून दाखवलं गेलं. पुढे जपानमध्ये चरबीतून काढलेल्या मूळपेशींतही आतलं तापमान असंच मोजलं. मूळपेशी नीट आहे की मरायला टेकलीय हे तिला न मारता कळणं, तुझ्या बाकावरची रोजची डोकेदुखी, बरोबर ना? आणि गडचिरोलीकडे बोलायला गेलात तर मलेरिया घ्या. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि त्यातलं लोह पचत नाही म्हणून त्याचे बारीक स्फटिक करून ठेवतो. ते चुंबकाला दाद देतात. हिऱ्याच्या सेन्सरनं असे सुटे स्फटिक पाहिले गेलेत. रोगनिदानाचं किट म्हणून ते वाडीवस्तीवर पोहोचलेलं नाही. तिथे आजही बोटाच्या थेंबाची पट्टी आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच हेच खरं.

शब्दांचं म्हणशील तर ‘मूळपेशी’ आणि ‘स्टेम सेल’ दोन्ही वापर, पण ‘मूळ’ एकट्यानं उच्चारू नकोस. एकदा तासभर बोलल्यावर एका आजीनं मला कानाशी येऊन मूळव्याधीचं औषध विचारलं. ‘क्वांटम’ला ‘पुंज’ म्हणायचा हट्ट धरू नका, लोकांना खळ्यातली रास आठवते. तुला वऱ्हाडी येते, तर बोल बिनधास्त. पुण्यातून आलेली पोरगी ‘मी तुमाले सांगतो’ म्हणाली की पुढे बसलेल्या बाया पदर सावरून नीट बसतात. मित्राला येत नसेल तर त्यानं उसनी आणू नये, लगेच ओळखू येते.

प्रश्न काय येतील ते सांगतो. ‘हे यंत्र विहिरीचं पानी दाखोते काय?’ हा येणारच, आणि तो चांगला प्रश्न आहे, पाणाड्याशी तुलना करून हसण्यावारी नेऊ नका. उत्तर: हिऱ्याचं नाही, पण याचाच भाऊबंद, थंड केलेल्या अणूंनी गुरुत्वाकर्षण मोजणारा सेन्सर आहे. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या लोकांनी २०२२ मध्ये त्यानं जमिनीखालचा एक भुयारी मार्ग शोधून दाखवला. बोअर कुठे मारायचा हे सांगणारं यंत्र बाजारात नाही. ‘सरकार यावर पैसा कायले घालते?’ यालाही सरळ उत्तर द्या. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी मंजूर झाले, त्यातलं सेन्सिंगचं मुख्य केंद्र आयआयटी मुंबई. रक्कम ऐकून कोणी कापसाच्या भावाचं काढेल. वाद घालू नका, त्याचा हक्क आहे. वाशिमवाल्याला एक हुकमाचा पत्ता देतो: शेजारच्या हिंगोलीत, औंढा नागनाथला, लायगो-इंडिया ही अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी प्रयोगशाळा उभी राहतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. गुरुत्वीय लहर आली की त्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते, आणि अमेरिकेतल्या अशाच यंत्रांत ते पकडायला २०१९ पासून ‘आवळलेला’, म्हणजे मोजमापातला गोंगाट कमी करणारा, क्वांटम प्रकाश वापरतात. नागनाथाच्या दर्शनाला सगळेच जाऊन आलेले असतात, त्यामुळे कान लगेच टवकारतात.

गर्भनाळ बँकेबद्दलही (बाळाच्या नाळेतल्या मूळपेशी पैसे घेऊन साठवणारी) कोणीतरी विचारेल, हल्ली तालुक्याच्या प्रसूतिगृहातही एजंट भेटतो. एवढंच सांग: ज्या बाळाला सिकलसेल आहे त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या मूळपेशींतही तोच सहावा मणी बदललेला असतो. बाकी हिशेब ते स्वतः करतील.

गाइडची परवानगी आधी घे, लेखी, दोन ओळींची मेल पुरे. न छापलेला निकाल, आलेख, फोटो गावातही दाखवायचा नाही. समोर दोनशे मोबाइल असतात, रात्रीतून सगळं जिल्हाभर जातं, आणि पुढे पेटंट करायचं ठरलं तर हेच ‘आधी जाहीर केलं’ म्हणून आडवं येऊ शकतं. मित्रालाही सांग, सेन्सरवाल्यांना याची सवय जरा कमीच असते.

राहिला तुझ्या धास्तीचा प्रश्न, काय फायदा म्हणून. तो मंचावर फारसा येत नाही. तो कार्यक्रम संपल्यावर, सतरंज्या गोळा होताना येतो, हळू आवाजात, आणि त्याचं खरं रूप असतं, “ताई, माह्या पोरीचं होईन का काही?” तेव्हा घाईत उत्तर देऊ नको. बाजूला बस, पोरीचं वय विचार, तपासणीचा कागद आहे का, गोळी चालू आहे का, भाऊबहीण किती, हे विचार. तू डॉक्टर नाहीस हे सांग. जिल्हा रुग्णालयातल्या सिकलसेल कक्षाचा वार आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेव आणि कागदावर लिहून दे. मी खिशात अशा वीस चिठ्ठ्या घेऊन जातो, निदान चार तरी जातातच. बसस्टँडवरचा तो माणूस भेटल्यापासून.

आदल्या दिवशी दुपारीच गावात पोहोचा. वाळू नाल्याच्या वळणावर, आतल्या बाजूला घ्या, तिथे काळे कण जास्त साचतात. रात्रभर परातीत पसरून ठेवा, ओल राहिली तर कण पन्नीला चिकटून बसतात. स्पीकरचं चुंबक नसेल तर कळव, माझ्याकडे तीन आहेत, दारव्ह्याच्या बसनं पाठवतो.